कामगार कुणाचा?

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 29 केंद्रीय कायदे त्यांत विरून गेले. तेव्हापासून कारखानदार आपल्या वकिलाला पहिला प्रश्न विचारतात तो पगाराच्या रचनेचा. तो रास्त आहे, पण त्याचे उत्तर हिशेबाने मिळते. ज्याचे उत्तर हिशेबाने मिळत नाही, असा प्रश्न चाकण-रांजणगावच्या प्रत्येक गेटवर रोज उभा असतो: यंत्रावर काम करणारा हा माणूस नेमका कुणाचा कामगार?

आधी पगाराचे उरकून घेऊ. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, की वरची रक्कम आता वेतनातच धरली जाते. वैधानिक मर्यादेपुरताच पीएफ कापणाऱ्या कंपन्यांना फार फरक पडत नाही. ग्रॅच्युइटीचा बोजा मात्र वाढतो. नोकरी संपली की दोन कामकाजाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब चुकता करायचा आहे आणि नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचे आहे. या दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. नेमणूकपत्राची तर मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण आजवर हजारो कामगारांची प्रकरणे कागदच नाही म्हणून पडली आहेत.

आता मुख्य मुद्दा. कंत्राटी कामगारांसाठी 1970 मध्ये कायदा झाला, तेव्हा बारमाही कामातून कंत्राट हळूहळू हद्दपार होईल अशी अपेक्षा होती. कंत्राट बंद झाले की कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडिया प्रकरणात म्हटलेही होते. 2001 मध्ये स्टील अथॉरिटी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती भूमिका बाजूला सारली. आपोआप काहीही होत नाही. कंत्राट निव्वळ देखावा आहे, असे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे पुराव्याने सिद्ध झाले तरच कामगार कंपनीचा ठरतो. मग नेमणूक कोणी केली, पगार कोण देतो, काढण्याचा अधिकार कुणाकडे, रोजच्या कामावर हुकूम कुणाचा चालतो, हे सारे तपासले जाते. या तपासणीत वर्षे जातात. दरम्यान ठेकेदार बदललेला असतो आणि हजेरीपट जुन्या ठेकेदाराबरोबर गेलेला असतो.

महाराष्ट्रात ही अडचण अधिक टोचते, कारण इथे कामगाराच्या हाती एक वेगळे हत्यार आहे. 1971 चा, 1975 पासून अमलात आलेला, अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा आपल्या राज्याचा कायदा. सरकारने वाद न्यायालयाकडे पाठवण्याची वाट न पाहता 90 दिवसांत थेट तक्रार करता येते आणि अंतरिम आदेशही मागता येतो. कामगारांना कायमपणाच्या हक्कांपासून दूर ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते म्हणून राबवणे, हीच त्याच्या चौथ्या परिशिष्टात अनुचित प्रथा म्हणून नोंदली आहे. पण सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या निकालांनी (दोन्ही 2001 चे) स्पष्ट केले, की मालक-कामगार नातेच वादात असेल तर आधी ते दुसऱ्या मंचावर ठरवून या. म्हणजे ज्याला या कायद्याची सर्वाधिक गरज, त्याच्यासाठीच दार बंद. कंपनीने लेखी जबाबात ‘हा आमचा कामगार नाही’ एवढे एक वाक्य लिहिले, की तक्रार डळमळते.

नव्या संहितांनी यावर काय केले? व्यावसायिक सुरक्षा संहितेने आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आणि लगेच अपवादही दिले: ते काम एरवी ठेकेदाराकडूनच होत असेल, दिवसभराच्या बहुतांश वेळेचे नसेल, किंवा काम अचानक वाढले असेल. सफाई, सुरक्षा, कँटीन, मालाची चढउतार ही कामे सहसा गाभ्याबाहेरच. संहितेतील कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी त्यांची किमान संख्या केंद्रीय कायद्यातल्या 20 वरून 50 झाली. कामगारकपात आणि कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट 100 ऐवजी 300 कामगारांपासून लागते. संरक्षणाची भिंत मागे सरकली आहे, हे मालकांच्या वकिलांनीही मोकळेपणाने मान्य करावे.

त्या बदल्यात मुदतबंद नोकरी आली. तिच्यात ठेकेदार नाही, नाते थेट आहे, कायम कामगाराइतकेच वेतन आणि सोयी आहेत, आणि पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. कंत्राटापेक्षा हे निश्चित बरे. मालकांना माझा सल्ला असा, की खरेच हंगामी गरज असेल तर हाच मार्ग घ्या. पण त्याच यंत्रावर, त्याच माणसाला अकरा-अकरा महिन्यांच्या मुदती देत राहिलात, तर ग्रॅच्युइटी टाळण्याचा हेतू लपणार नाही. 1971 चा राज्य कायदा रद्द झालेल्या 29 कायद्यांच्या यादीत नाही, हेही लक्षात असू द्या.

ॲपवर राबणाऱ्यांना सामाजिक सुरक्षा संहितेने प्रथमच नाव दिले. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के सामाजिक सुरक्षा निधीला द्यायचे, मात्र या कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच. हा निधी म्हणजे कामगाराचा दर्जा नव्हे. किमान वेतन त्यातून येत नाही.

कंत्राटी आणि तात्पुरत्या कामगारांच्या बाबतीत सरकारही आदर्श मालक नाही. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे राबलेल्या सफाई कामगारांना नियमित करण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने, तात्पुरत्या नावाखाली कायमचे काम करून घेण्याच्या सरकारी सवयीवर कडक ताशेरे ओढले. आपल्या महापालिकांतील घनकचरा विभागांनी तो निकाल मुळातून वाचायला हवा.

मग उपाय काय? मालक-कामगार नात्याचा वाद तक्रार ऐकणाऱ्या न्यायालयानेच प्राथमिक मुद्दा म्हणून ठरवावा, अशी दुरुस्ती विधिमंडळाने 1971 च्या कायद्यात करावी. नियंत्रण आणि पगाराची कागदपत्रे हजर करण्याची जबाबदारी ती ज्याच्या ताब्यात असतात त्या मूळ मालकावर टाकावी, आणि निर्णय होईपर्यंत त्या कामगाराला गेटबाहेर काढू नये, असा अंतरिम आदेश देण्याची मुभा न्यायालयाला स्पष्ट शब्दांत द्यावी.