हिरवा दिसला म्हणून टोळ नव्हे

पावसाळा सरता सरता तलवाड्याच्या शिवारात बांधावरचे गवत गुडघ्याच्या वर जाते. त्यातून चालले की हिरवे किडे टुणटुण उडतात. मराठीत आपण सगळ्यांनाच नाकतोडा म्हणतो, घरात उर्दू बोलणारी मुले टिड्डा म्हणतात. पण या एका नावाखाली दोन वेगळी घराणी आहेत.

ओळखायचे कसे? आधी मिशा पाहा. आखूड आणि जाडसर असतील तर तो साधा नाकतोडा. केसासारख्या बारीक आणि अंगापेक्षाही लांब असतील तर तो लांबमिश्या. हा नाकतोड्यापेक्षा रातकिड्याचा जवळचा नातलग. गवतातला लांबमिश्या सडपातळ, निमुळत्या डोक्याचा असतो. मादीच्या शेपटाकडे तलवारीसारखी नळी दिसते. तिने ती गवताच्या देठात अंडी घालते. नाकतोड्याची मादी अंडी जमिनीत घालते.

गाणेही वेगळे. नाकतोडा मागचा पाय पंखावर घासतो, लांबमिश्या पंखावर पंख घासतो. त्याचा आवाज इतका बारीक की नातवाला ऐकू येतो, दादीला येत नाही! आणि कान? नाकतोड्याचे पोटाच्या बाजूंना, लांबमिश्याचे पुढच्या पायांवर, गुडघ्याखाली. अल्लाहची कारागिरी पाहावी तितकी थोडी.

हा फरक शेतकऱ्याच्या खिशाशीही जोडलेला आहे. मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आले होते. ते टोळ आखूड मिशांच्या घराण्यातले. गवतातला लांबमिश्या असे थवे करून येत नाही. तो गवताचे बी, फुले, पराग खातो. सोबत मावा आणि इतर किडींची अंडीही फस्त करतो. भातशेतीत तर खोडकिडीची अंडी खाणारा म्हणून तो ओळखला जातो. कधी पिकाची फुले, कोवळे दाणेही कुरतडतो, पण केवळ तो दिसला म्हणून औषध फवारले तर पैसा जातो आणि किडी खाणारा सोबतीही मरतो.

म्हणून फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी पाच मिनिटे द्या. किडा काचेच्या बाटलीत घ्या, मुलांना मिशा पाहायला सांगा आणि मग सोडून द्या. हाताने मात्र पकडू नका, मोठा लांबमिश्या चावतो. पिकाची पाने खरोखर कुरतडलेली दिसली, तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारूनच औषध निवडा.