गिटारसाठी माइक घेताना

माझ्या सासऱ्यांना हल्ली कमी ऐकू येतं. नातीचं गिटार फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं, की त्यांना नुसता गलका ऐकू येतो. म्हणून कंडेन्सर माइक घेतला. तो तारांची बारीक झणक टिपतो. पण फ्रिजची घरघर आणि कुकरची शिट्टीसुद्धा! आमचा ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२०, साधारण १०० डॉलरचा. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, तेव्हा इंटरफेसचा खर्च वेगळा धरा. तो नको असेल तर यूएसबी माइक बघा. माइक गिटारच्या भोकासमोर नको, आवाज फार घुमतो. बाराव्या फ्रेटसमोर, फूटभर अंतरावर ठेवा. खोलीत गाद्या-रजया असल्या तर उत्तमच. हीटर तेवढा बंद ठेवा, आणि नंतर आठवणीनं सुरू करा.