गव्हाणीपुढचा गहू

डिसेंबरच्या मध्याला नाशिकच्या इंदिरानगरात सकाळची थंडी चांगलीच बोचते. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मात्र उजाडताच गॅलरीत असतात, परातीतल्या मातीला बोट लावून ओल बघत. परातीत गहू पेरलेला आहे. नाताळच्या गोठ्यापुढची हिरवळ त्या दर वर्षी घरीच उगवतात.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो, त्यामुळे त्याची लांबी दर वर्षी बदलते. २०२२ साली नाताळ रविवारी आला तेव्हा २८ दिवस मिळाले. २०२३ साली सोमवारी आला तर जेमतेम २२. म्हणून काकू पेरणी रविवारावर ठरवत नाहीत, २५ तारखेपासून मागे मोजतात. "गव्हाला तेरा दिवस द्यायचे," त्या सांगतात, "त्यातले दोन थंडीचे."

त्यांचं माहेर श्रीरामपूरकडचं. गोव्यात गोठ्यासाठी नाचणी पेरतात, पण नाचणीला ऊब लागते. आपल्याकडच्या थंडीत रब्बीचा गहूच खरा. तो गावच्या शेतातून येतो, औषध न लावलेला.

गहू रात्रभर भिजतो, मग ओल्या फडक्यात बांधून शेगडीजवळ ठेवायचा. मटकीइतक्या लवकर त्याला मोड येत नाहीत. काळी माती नुसती घेतली तर पाण्याने घट्ट बसते, म्हणून तिच्यात शेणखत आणि थोडी वाळू. मोडाचे दाणे दाट पसरायचे, वर मातीचा पातळ थर, त्यावर ओलं गोणपाट. नवरात्रात आमच्या घरी घट बसतो तेव्हा मीही हेच करते, फक्त घटाला घाम फुटायच्या दिवसांतली ऊब मिळते आणि काकूंच्या परातीला ती मिळवून द्यावी लागते. दोन दिवस गोणपाट उचलायचं नाही. उचलतात तेव्हा खाली फिकट पिवळे कोंब असतात, उजेडात आल्यावर ते हिरवे होतात. ते उजेडाकडे झुकतात, म्हणून परात रोज थोडी फिरवायची. पाणी सकाळीच शिंपडायचं. संध्याकाळचं पाणी रात्रभर गार राहतं आणि मुळाशी पांढरी बुरशी धरते. परातीला तळाशी भोकं नाहीत, तेव्हा हात आखडता.

बाजारात प्लॅस्टिकचं गवत मिळतं, ते का नाही, असं मी विचारलं. "अगं, मग मी नाताळपर्यंत काय करू?" त्या म्हणाल्या. हे उत्तर माझ्या मनात राहिलं आहे. वाट पाहणाऱ्या हातांना काम लागतं.

टेबलावर चार मेणबत्त्यांचं चक्र आहे: तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक वाढते. पहिली आशेची, आणि गुलाबी तिसऱ्या, आनंदाच्या रविवारी. या चक्राचं मूळ जर्मनीतलं. हॅम्बुर्गच्या निराधार मुलांच्या आश्रमात योहान हिनरिख विकर्न यांना मुलं रोज विचारत, नाताळ कधी? १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक. काकूंचा नातूही रोज तेच विचारतो आणि परातीपुढे जाऊन पट्टी लावून बघतो.

पण आगमनकाळात वाट दोन गोष्टींची पाहिली जाते, हे मला काकूंकडूनच कळलं. १७ डिसेंबरपासून उपासनेतली वचनं येशूच्या जन्माकडे वळतात. त्याआधीच्या दिवसांत भर असतो तो त्याच्या पुन्हा येण्यावर, आणि त्या येण्याला तारीख नाही. गव्हाला २५ डिसेंबर आहे. दुसऱ्या वाटेला काहीच नाही, आणि तरी पहिली मेणबत्ती तिच्यासाठी लावायची. मला आशेचं खरं अवघडपण इथे दिसतं.

नाशिककरांना अशी बिनतारखेची वाट परकी नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधला दुरावा, पुन्हा मांडलेला संसार आणि हळूहळू पालटलेलं मन लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. ते पालटेल की नाही, पालटलंच तर कधी, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या पाच वर्षांची पानं मी डिसेंबरात पुन्हा वाचते.

गोठा आता मांडून झाला आहे. मरिया, योसेफ, गाय, गाढव जागेवर आहेत. गव्हाणी २४च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी. गहू चार बोटं वर आला आहे, फार वाढला तर कात्रीने वरून छाटायचा. फक्त एका कोपऱ्यात कबुतरांनी दाणे टिपले. उरलेले मोड काकूंनी तिथे पुन्हा पेरले, जाळीही बांधली. तो कोपरा नाताळपर्यंत आखूडच राहील, म्हणून यंदा मेंढरं तिथे उभी करायची, असं त्यांनी आणि नातवाने ठरवलं आहे.