पावसाळ्यात वॉशिंग मशिन रुसते तेव्हा...

रत्नागिरी - दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि नेमके तेव्हाच वॉशिंग मशिन रुसून बसते. पुढून दार असलेले मशिन कळ दाबूनही सुरू होत नसेल, तर तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी काही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

पॅनेलवरचा दिवाच लागत नसेल, तर दोष बहुधा मशिनबाहेरचा असतो. पाणी तापवणाऱ्या हीटरमुळे हे मशिन सुमारे दोन हजार वॉट वीज घेते. त्याला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे. एमसीबी पडला आहे का, हेही पाहावे. शिवाय किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत प्लगच्या पितळी पिना हिरवट पडतात, त्याने वीज नीट पोचत नाही.

दिवा लागतो, पण ड्रम फिरत नाही, तेव्हा संशय दारावर घ्यावा. दार पक्के बंद झाल्याखेरीज मोटारीला वीज मिळत नाही. पाणी भरलेले असताना ते उघडू नये म्हणून ही योजना. रबरी कडेत अडकलेला रुमालसुद्धा दार लागू देत नाही. ‘चाइल्ड लॉक’ लागलेले नाही ना आणि नळ चालू आहे ना, एवढे पाहिले तरी पुष्कळदा काम भागते.

पुराचे पाणी शिरलेल्या मशिनला मात्र यातले काहीच लागू नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा घरोघरची उपकरणे गाळात गेली. असे मशिन वरून वाळलेले दिसले तरी आतील जोडण्यांत ओल राहते. तपासणीपूर्वी ते सुरू केल्यास विजेचा धक्का जिवावर बेतू शकतो. घराचा मुख्य स्विच बंद केल्याखेरीज त्याच्या प्लगलाही हात लावू नये.