कंट्रोलर थांबतो तेव्हा मोटर वाचते

ऊन लख्ख पडले आहे, कांद्याला पाण्याची पाळी आली आहे आणि सौर पंप बंद! पेटीवर लाल दिवा, पडद्यावर कसला तरी इंग्रजी आकडा. अशा वेळी आपण काय करतो? बटण बंद करून पुन्हा चालू करतो. दोन मिनिटे चालते, परत थांबते. परत बटण. असे करता करता एक दिवस मोटर जळते. मग बोअरमधून पाइप उपसा, मोटर वाइंडिंगला न्या, आणि तोवर पीक वाळत ठेवा. खरे तर त्या लाल दिव्याने आधीच सांगितले होते, आपणच ऐकले नाही.

पेटी करते काय?

पॅनेलमधून येणारी वीज डीसी असते. कंट्रोलर तिची मोटरला हवी तशी वीज करतो आणि उन्हाप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करतो. नेहमीच्या तीन फेज मोटरला ५० हर्ट्झ मिळाले की ती पूर्ण वेगाने फिरते. ऊन कमी झाले की हर्ट्झ उतरतात. येथे एक हिशेब ध्यानात ठेवा. वेग निम्मा झाला तर पंपाचा दाब निम्मा नव्हे, चौथाईवर येतो. म्हणून सकाळी लवकर किंवा ढगाळ हवेत मोटर फिरते, पण पाणी वर येत नाही. हा बिघाड नव्हे. ऊन वाढू द्या, पाणी आपोआप येईल.

आधी आकडा लिहा, मग बटण

पडद्यावर दोन तऱ्हेचे निरोप येतात. एक इशारा, म्हणजे पंप चालू राहतो पण सावध करतो. दुसरा फॉल्ट, म्हणजे पंप थांबतो. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात. त्यांचा तक्ता माहितीपुस्तिकेत किंवा झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. शेजाऱ्याच्या पेटीवरून आपला अर्थ लावू नका. आकडा, वेळ आणि तेव्हा ऊन कसे होते, एवढे वहीत टिपा. मेकॅनिकचा निम्मा वेळ त्याने वाचतो.

नेहमीचे फॉल्ट

ड्राय रन : पंपाला पाणी मिळत नाही. विहिरीची पातळी उतरली, जाळी गाळाने बुजली, नाहीतर पंपात हवा धरली. पाणबुडी मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते. कोरडी चालली की गेलीच समजा. पुष्कळ कंट्रोलर थोडा वेळ थांबून आपणच पंप चालू करून पाहतात. तेवढा वेळ द्या, झऱ्याला पाणी साठू द्या.

ओव्हरलोड : मोटर नेहमीपेक्षा जास्त करंट ओढते. पंपात वाळू किंवा गाळ अडकला असेल, बेअरिंग धरले असेल. काही जण सेटिंगमध्ये करंटची मर्यादा वाढवून घेतात. हे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणे झाले.

शॉर्ट किंवा अर्थ फॉल्ट : बहुधा केबलचा जॉइंट ओला झालेला असतो, नाहीतर वाइंडिंग गेलेले असते. यात एकदाही बटण दाबू नका, थेट वायरमन बोलवा. आणि त्यालाही सांगा, मोटरची केबल कंट्रोलरपासून सोडवल्याशिवाय मेगर लावू नकोस. मेगरच्या व्होल्टेजने कंट्रोलरच जळू शकतो.

फेज तुटणे : उंदराने केबल कुरतडली किंवा स्क्रू ढिला झाला.

जास्त तापमान : पंखा बंद, मागच्या पट्ट्यांत धूळ, आत गांधीलमाशीचे घर. पेटीवर पोते झाकू नका, हवा कोंडते. वर छोटे छप्पर करा, बाजू मोकळ्या ठेवा.

कमी व्होल्टेज : पॅनेलवर धूळ, झाडाची सावली किंवा ढिले जोड. पॅनेल सकाळी गार असतानाच धुवा. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर काच तडकण्याची भीती असते.

केबल जोडल्यावर पाणी कमी येत असेल आणि पडद्यावर काहीच फॉल्ट नसेल, तर मोटर उलटी फिरत असेल. तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या की ती सुलट होते. हे काम पॅनेलकडचा पुरवठा बंद करून वायरमननेच करावे.

एवढे मात्र टाळा

कंट्रोलर व मोटर यांच्यामध्ये जुना स्टार्टर किंवा कंडेन्सर जोडू नका. रात्री चालावा म्हणून लाइनची वायर पेटीत खुपसू नका. पेटी बंद केल्यावरही आत वीज साठून राहते, म्हणून झाकण लगेच उघडू नका. पुस्तिकेत लिहिलेली मिनिटे थांबा. उजेड आहे तोवर पॅनेलच्या वायरीत शेकडो व्होल्ट असतात. चालू पंपाचा जोड ओढून काढला तर ठिणगी पेटत राहते. आधी स्विच बंद, मगच हात.

हमी वाया घालवू नका

२०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे. म्हणून बाहेरच्या माणसाकडून पेटी उघडून घेण्याआधी कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. सरपंच व ग्रामपंचायतीच्या मंडळींनीही एक करावे. गावात बसलेल्या पंपांच्या कंपन्यांचे तक्रार क्रमांक फलकावर लिहून ठेवावेत. नळपाणी योजनेच्या पंपाला असा कंट्रोलर असेल, तर फॉल्टची वही पंपचालकाकडे द्यावी.

लाल दिवा लागला की बटणाकडे नको, आधी वहीकडे हात जाऊ द्या. दोन तासांचा खोळंबा परवडतो, मोटर जळलेली परवडत नाही.