मोबाइलचा चोरकप्पा आणि कॉम्प्युटरचा सेल

पौषातली यमाईची यात्रा उरकली की औंधात दुसरी यात्रा सुरू होते, ती बिघडलेल्या मोबाइलांची. औंध म्हणजे साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं, पुण्याचं नव्हे. पालखी, पाळणे, गर्दी, सगळ्यांचे व्हिडिओ काढून फोन गच्च भरतो आणि मग माणूस माझ्या टेबलासमोर येऊन बसतो. मी गावात कॉम्प्युटर शिकवतो. पण ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला मोबाइल, टीव्ही आणि विजेचा मीटर हे सगळंच येतं, असं गावाचं ठाम मत आहे.

असेच एकदा एक तात्या आले. "मास्तर, फोन लय हँग हुतोय. पोरगा म्हणतोय, आत एक चोरकप्पा असतो, सात येळा दाबलं की उघडतो. तेवढा उघडून द्या."

"तात्या, कप्पा आहे. पण त्यात काय ठेवलंय ते बघून मग हात घालू."

चोरकप्पा हा शब्द मला तेव्हापासून आवडला. जुन्या पेटाऱ्यात असायचा तसाच हा प्रकार. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये 'डेव्हलपर ऑप्शन्स' नावाचं एक पान असतं. ते अ‍ॅप तयार करणाऱ्यांसाठी केलेलं, म्हणून आपल्याला दाखवत नाहीत. 2012 साली आलेल्या अँड्रॉइड 4.2 पासून ते असं झाकून ठेवायला सुरुवात झाली. उघडायची रीत साधी आहे. सेटिंग्जमध्ये जायचं, 'अबाउट फोन' उघडायचं आणि 'बिल्ड नंबर' या ओळीवर लागोपाठ सात वेळा बोट टेकवायचं. सॅमसंगच्या फोनमध्ये ही ओळ 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'च्या आत असते. शाओमीच्या फोनमध्ये बिल्ड नंबरऐवजी 'एमआययूआय व्हर्जन' किंवा 'ओएस व्हर्जन' या ओळीवर टेकवावं लागतं. तीन-चार वेळा झालं की फोन स्वतःच सांगू लागतो, अजून इतक्या वेळा. मग पिन विचारतो आणि तुम्ही आता डेव्हलपर झालात म्हणून जाहीर करतो. इतक्या स्वस्तात पदवी दुसरीकडे मिळत नाही.

आत गेलं की शंभरेक बटणांची रांग दिसते. त्यातल्या सामान्य माणसाच्या कामाच्या ओळी तीनच: 'विंडो अ‍ॅनिमेशन स्केल', 'ट्रान्झिशन अ‍ॅनिमेशन स्केल' आणि 'अ‍ॅनिमेटर ड्युरेशन स्केल'. अ‍ॅप उघडताना ते खालून सरकत वर येतं, बंद करताना आक्रसत जातं, ही सगळी नजाकत पाव-अर्धा सेकंद खाते. तिन्ही ठिकाणी 1 असतो, तिथे 0.5 केला की ही नजाकत निम्म्या वेळात उरकते. तात्यांच्या फोनवर मी तेच केलं. त्यांनी दोन-तीन अ‍ॅप उघडून पाहिली आणि म्हणाले, "आयला, पळायला लागला की!"

पळायला लागला नव्हता. दार उघडायचा सोहळा कमी झाला होता, एवढंच. घरातली अडगळ तशीच होती. स्टोरेज पाहिलं तर 64 जीबीपैकी जेमतेम एक जीबी मोकळी.

फोन भरला की तो नुसता 'जागा नाही' म्हणत नाही, मंदावतोही. त्याचं कारण असं. फोनच्या स्मृतीत लिहिलेलं एखादं अक्षर पुसून त्याच जागी दुसरं लिहिता येत नाही; पुसायची तर अख्खी पाटी पुसावी लागते. म्हणून त्या पाटीवरचा कामाचा मजकूर आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवायचा, मग पहिली पुसायची. कोऱ्या पाट्या भरपूर असतील तर हे काम मागच्या मागे होतं, आपल्याला कळतही नाही. पाट्याच उरल्या नाहीत की प्रत्येक वेळी आधी ही पुसापुसी आणि मग आपलं काम. तेवढा वेळ फोन हँग दिसतो. म्हणून दहाएक टक्के जागा कायम मोकळी ठेवावी, असं मी सांगतो.

जागा खाणारा बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपच असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की मोठमोठे व्हिडिओ वरपासून रांगेत दिसतात. तात्यांकडे एकच कीर्तनाचा व्हिडिओ चार गटांतून चार वेळा आलेला होता. तीन काढले, एक राहू दिला.

पंधरा दिवसांनी तात्या परत. या वेळी फोन नीट, पण त्यांच्या बँकेचं अ‍ॅप उघडायला तयार नाही. काही बँकांची अ‍ॅप चोरकप्पा उघडा दिसला की काम करायचं नाकारतात. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे, कारण त्याच पानावर 'यूएसबी डीबगिंग' नावाचं बटण असतं. ते चालू असेल आणि अनोळखी कॉम्प्युटरला फोन जोडून समोर आलेल्या प्रश्नाला 'अलाऊ' म्हटलं, तर तो कॉम्प्युटर फोनमध्ये बरंच काही करू शकतो. पानाच्या अगदी वरचं मुख्य बटण बंद केलं, अ‍ॅप उघडलं. ते बंद केलं की बऱ्याच फोनांत आपण केलेले बदलही पूर्ववत होतात. मग सरकण्याची ती नजाकत बंद करायची तर 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मध्ये 'रिमूव्ह अ‍ॅनिमेशन्स' हे बटण असतं. ते कुठल्याही चोरकप्प्यात नाही, उघड्यावर आहे. मी तात्यांना आधीच तिथे न्यायला हवं होतं, ही चूक माझी.

चोरकप्प्याच्या पानावर 'ओईएम अनलॉकिंग' अशीही एक ओळ असते आणि पोरांचं सगळं लक्ष तिच्यावर. फोन पैसे मोजून आपण घेतो, पण आतली सत्ता बनवणाऱ्याकडेच राहते. ती आपल्या हातात घेण्याच्या वाटेवरची ही पहिली पायरी. आमच्या औंध संस्थानात 1939 साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी राजेपणीच स्वराज्याची घटना देऊन कारभार प्रजेकडे सोपवला. फोनच्या कंपन्या एवढ्या उदार नाहीत, आणि सत्तांतरही रक्त सांडल्याशिवाय होत नाही: बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम, अनलॉक केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि बँकेची, यूपीआयची अ‍ॅप त्यानंतर रुसू शकतात. ज्याच्याकडे फक्त एकच फोन आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

एक दार मात्र मी दिसेल त्याच्या फोनवर बंद करतो. सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' टाका. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर यांच्यापुढे परवानगी दिलेली असेल तर काढून टाका. लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने जी 'एपीके' फाइल येते, ती याच दारातून आत शिरते आणि ओटीपीचे मेसेज वाचत बसते. खरी लग्नपत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या नंबरवर लगेच फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

आता कॉम्प्युटर. त्याच्याबाबतीत गावात दोनच उपाय प्रसिद्ध आहेत: 'बंद करून चालू करा' आणि 'फॉरमॅट मारा'. पहिला बहुधा अर्धवट केला जातो, दुसरा बहुधा गरज नसताना.

पहिल्याचं सांगतो. विंडोज 8 पासून 'शटडाऊन' म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून ते आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच पुन्हा उचलतं. याला 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात. त्यामुळे काल अडकलेलं आज सकाळी तसंच अडकलेलं सापडतं. खरी नवी सुरुवात हवी तर 'शटडाऊन' नव्हे, 'रीस्टार्ट' करायचं. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि मग 'सीपीयू' उघडा. तिथे 'अप टाइम' लिहिलेला असतो. रोज संध्याकाळी बंद होणाऱ्या मशीनवर मी तिथे एकोणीस दिवस पाहिले आहेत.

जुन्या मशीनमध्ये फिरणारी हार्डडिस्क असते, तिचं दुखणं वेगळं. तिच्यावर एखादी फाइल सलग जागा मिळाली नाही की तुकड्या-तुकड्यांनी लिहिली जाते. आमच्या जुन्या औंध संस्थानासारखीच: एक तुकडा औंधला, एक आटपाडीला, एक कुंडलला आणि एक गुणदाळला, पार विजापूरकडे. मधे सगळा दुसऱ्यांचा मुलूख. कारभाऱ्याला एका कामासाठी चार ठिकाणी घोडं दामटावं लागावं, तसं डिस्कचं डोकं चार जागी फिरतं. विंडोज हे तुकडे अधूनमधून आपणहून जुळवतं. पण डिस्कच थकली असेल तर ती काढून एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारं काही नसल्याने तुकड्यांचा त्रासच नाही. जुनं मशीन टाकून देण्याआधी हा खर्च करून बघण्यासारखा आहे.

माझं आवडतं दुखणं मात्र सेलचं. तक्रार इंटरनेटची असते. रेंज आहे, वायफाय आहे, मोबाइलवर सगळं दिसतंय, कॉम्प्युटरवर मात्र एकही वेबसाइट उघडत नाही; लाल खूण आणि 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' अशी तंबी. कोणी व्हायरस म्हणतं, कोणी फॉरमॅट मारायला सांगतं. मी आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघतो. तिथे तारीख असते कुठल्यातरी जानेवारीची, आठ-दहा वर्षांपूर्वीची.

प्रत्येक वेबसाइट उघडताना आपली ओळख पटवणारं एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर ते आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. त्याच्या हिशेबी वर्ष जुनं असेल तर समोरचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं, मग तो ते खोटं ठरवतो. वेबसाइट बरोबर, इंटरनेट बरोबर, चुकलंय ते घड्याळ.

घड्याळ का चुकतं? मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर2032. म्हणजे 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी; वीज 3 व्होल्टची. कॉम्प्युटरची वायर चालू बोर्डात असते तोवर घड्याळ त्या विजेवर चालतं. लाईट गेली किंवा रात्री बोर्डाचं बटण बंद केलं की हा सेल घड्याळ सांभाळतो. काही वर्षांनी तो संपतो. मग जुनी मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर तक्रार करतात आणि एफ-वन दाबायला लावतात. रोज सकाळी इमानेइतबारे एफ-वन दाबणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांना तो सुरू करण्याच्या विधीचाच भाग वाटतो.

सेल बदलायला मेकॅनिक लागत नाही. किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंध संस्थानाच्या जमिनीवर, 1910 साली. तेव्हापासून इकडच्या माणसाला इंजिन खोलायची भीती नाही. पण विहिरीवरचं इंजिन पान्याने मोकळं करणारा गडी कॉम्प्युटरच्या चार स्क्रूंना घाबरतो. वायर आधी काढा. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाईल. डाव्या बाजूचं झाकण काढा आणि लगेच मोबाइलवर आतला एक फोटो घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा. सेलच्या कडेची छोटी क्लिप ढकलली की तो उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिक खुणेची बाजू वर. झाकण लावा, चालू करा, तारीख घाला. वायर जिथे येते तो पंख्याचा बंद डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, तेवढा मात्र कधीही उघडू नका. त्याच्यात वायर काढल्यावरही वीज साठून राहते.

शेवटचं दुखणं अस्सल मराठी. कोणीतरी पेनड्राइव्हवर जुना अर्ज किंवा अहवाल आणतं, उघडला तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाइल करप्ट झाली म्हणून माणूस हवालदिल. ती झालेली नसते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट या मशीनवर नाही, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकुरावर क्लिक करा, वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत त्या फॉन्टचं नाव दिसेल. तो फॉन्ट आणून टाकला की मराठी परत येतं. पुढचं लेखन मात्र युनिकोडमध्येच करा. तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क'चा 2325, आणि तो जगातल्या कुठल्याही मशीनवर 'क'च राहतो.

त्यासाठी विकत काही घ्यावं लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' उघडून मराठी भाषा जोडा. विंडोजचं चिन्ह असलेली की आणि स्पेसबार एकदम दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. सोबत येणाऱ्या इनस्क्रिप्ट नावाच्या कळफलकावर स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. लोक अडतात ते 'ऱ्य'पाशी आणि मग 'पायर्‍या'च्या जागी 'पायर्या' लिहून मोकळे होतात. यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावरच्या पायऱ्या लिहायच्या असतील तर क्रम असा: एच, ई, स्लॅश, शिफ्टसह जे, डी, स्लॅश, ई.