प्राप्तिकराची नोटीस : मुदतीत उत्तर, योग्य कागदपत्रे

प्राप्तिकर विभागाची नोटीस आली की सर्वसामान्य करदात्याच्या मनात धास्ती निर्माण होते. नियमाने कर भरणारे शिक्षक व शासकीय कर्मचारीही त्यास अपवाद नाहीत. वास्तविक नोटीस म्हणजे आरोपपत्र नव्हे. विवरणपत्रातील माहिती आणि विभागाकडे अन्य मार्गांनी आलेली माहिती यांत तफावत दिसल्यास विचारलेला तो एक प्रश्न होय. त्यास मुदतीत, पुराव्यासह उत्तर दिल्यास अनेक प्रकरणे तेथेच मिटतात. मौन मात्र करदात्याच्या विरुद्ध जाते.

टपालाऐवजी पोर्टल

पूर्वी नोटीस टपालाने येई आणि करदाता कागदांची पिशवी घेऊन अधिकाऱ्यांसमोर उभा राही. ही पद्धत आता बरीचशी बदलली आहे. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी राष्ट्रीय ई-निर्धारण केंद्राचे उद्घाटन झाले. १३ ऑगस्ट २०२० रोजी चेहराविरहित करनिर्धारणाची घोषणा करण्यात आली, तर ७ जून २०२१ पासून नवे ई-फायलिंग पोर्टल सुरू झाले. या व्यवस्थेत करदाता आणि अधिकारी यांची प्रत्यक्ष गाठ पडत नाही. साहजिकच तोंडी खुलाशास फारसा वाव उरलेला नाही. जे सांगावयाचे ते मुख्यतः कागदांनीच सांगावे लागते.

नोटीस करदात्याच्या पोर्टलवरील खात्यात व नोंदविलेल्या ई-मेलवर पाठविली जाते आणि ती कायद्याने पोहोचली असे समजले जाते. खाते उघडताना स्वतःऐवजी कर सल्लागाराचा मोबाइल क्रमांक व ई-मेल नोंदविला गेला असल्यास नोटीस आल्याचे करदात्यास कळतही नाही. यास्तव प्रत्येकाने आपला तपशील तपासून स्वतःचा क्रमांक व ई-मेल नोंदवावा, हे पहिले काम होय.

नोटीस खरी की बनावट?

बनावट ई-मेल पाठवून लुबाडण्याचे प्रकार होत असतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजेच डी.आय.एन., असणे आवश्यक करण्यात आले आहे. पोर्टलवर लॉगिन न करताही या क्रमांकावरून नोटिशीचा खरेपणा पडताळता येतो. ई-मेलद्वारे बँकेचा पिन किंवा पासवर्ड मागणारा संदेश विभागाचा नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

मुदतीचे महत्त्व

नवा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अंमलात आणण्यात आला असला, तरी त्यापूर्वीच्या वर्षांची प्रकरणे १९६१ च्या अधिनियमानुसारच चालतात. त्या अधिनियमाखालील काही मुदती पुढीलप्रमाणे आहेत :

- सदोष विवरणपत्र, कलम १३९(९) : १५ दिवस. दोष दूर न केल्यास विवरणपत्र अवैध ठरू शकते.
- प्रस्तावित फेरबदलाची सूचना, कलम १४३(१)(अ) : ३० दिवस. उत्तर न आल्यास फेरबदल केला जातो.
- करमागणी, कलम १५६ : सामान्यतः ३० दिवस. त्यानंतर दरमहा १ टक्का व्याज.

छाननीच्या नोटिशीस, म्हणजे कलम १४३(२) किंवा १४२(१) खालील नोटिशीस, उत्तराची तारीख नोटिशीतच दिलेली असते. प्रतिसाद न दिल्यास उपलब्ध माहितीवरून एकतर्फी निर्धारण होऊ शकते. शिवाय दर कसुरीस १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

कोणते कागद जोडावेत?

जो प्रश्न विचारला आहे त्याचेच कागद जोडावेत. घरभाडे भत्त्याविषयी विचारणा असल्यास भाडेकरार, भाडेपावत्या आणि भाडे दिल्याच्या बँक नोंदी पुरेशा होतात. वार्षिक भाडे एक लाख रुपयांहून अधिक असल्यास घरमालकाचा पॅनही लागतो. सरसकट सर्व कागद जोडल्याने मूळ मुद्दा हरवतो.

थकबाकीचे उदाहरण शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या विशेष परिचयाचे आहे. राज्यात सातव्या वेतन आयोगाची थकबाकी हप्त्यांनी देण्यात आली. मागील वर्षांचे वेतन एकाच वर्षी मिळाल्याने वाढणाऱ्या करावर कलम ८९ अन्वये सवलत मिळते. तथापि, त्यासाठी फॉर्म १०-ई विवरणपत्रापूर्वी ऑनलाइन दाखल करावा लागतो. तो राहून गेल्यास सवलत नाकारली जाते व करमागणी निघते. दाखल केला असल्यास त्याची पोच हाच प्रमुख पुरावा ठरतो.

उत्तर सादर करण्याची रीत

पोर्टलवर लॉगिन करून 'प्रलंबित कृती' या सदराखालील 'ई-प्रोसीडिंग्ज' उघडावे. नोटीस पूर्ण वाचावी व मुद्देनिहाय उत्तर लिहावे. कागदपत्रे सुवाच्य स्कॅन करून त्यांना अर्थपूर्ण नावे द्यावीत. एका फाइलचा आकार ५ एमबीपेक्षा अधिक असू नये. कागद अधिक असल्यास अंशतः उत्तराचा पर्याय निवडून ते टप्प्याटप्प्याने पाठविता येतात. वेळ अपुरा असल्यास मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढ मागावी. सादर केलेले उत्तर नंतर बदलता येत नाही. म्हणून पाठविण्यापूर्वी ते पुन्हा वाचावे आणि व्यवहार क्रमांक व पोच जपून ठेवावी.

कार्यालये व ग्रामपंचायतींची जबाबदारी

कित्येकदा चूक करदात्याची नसतेच. वेतनातून कर कापला जातो, पण तिमाही विवरणपत्रात पॅनचा एक अंक चुकला तर ती रक्कम दुसऱ्याच्या नावे जमा दिसते. नोटीस मात्र शिक्षकाच्या हाती पडते. अशा वेळी फॉर्म १६ जोडून करदात्याने उत्तर द्यावे हे खरे. परंतु कायमचा उपाय म्हणजे आहरण व संवितरण अधिकाऱ्याने दुरुस्ती विवरणपत्र भरणे हाच होय.

ठेकेदाराच्या देयकातून करकपात करणाऱ्या ग्रामपंचायतींनाही हेच लागू पडते. १९६१ च्या अधिनियमाच्या कलम २३४ई नुसार अशा विवरणपत्रास विलंब झाल्यास, कापलेल्या कराच्या रकमेच्या मर्यादेत, दररोज २०० रुपये शुल्क लागते. गावाच्या विकासाचा पैसा अशा शुल्कात जाऊ नये, याची दक्षता सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी घ्यावयास हवी.

गावात शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या शब्दास मान असतो. नोटीस दडवून न ठेवता ती तपासून, मुदतीत उत्तर देण्याची सवय त्यांनी स्वतः अंगी बाणविली आणि इतरांना समजावून दिली, तर अनेक कुटुंबांवरील नाहक दंडाचा भार टळू शकेल.